नकाशावर पाणी वाढलंय, मग विहीर कोरडी का?

मागच्या उन्हाळ्यात आमच्या फॅमिली ग्रुपवर एक फोटो आला. जालना जिल्ह्यातल्या माझ्या आजोळचा, वरून काढलेला, म्हणजे मॅप ॲपवरचा सॅटेलाइट व्ह्यू. तपकिरी शेतांच्या मधोमध निळे-काळे चौकोन. कुठे एक, कुठे दोन, रस्त्याच्या कडेला तर ओळीनं चार. खाली मावसभावानं लिहिलं होतं, “आपलं गाव पाणीदार झालं!” पाठोपाठ टाळ्यांचे इमोजी.

मी पण टाळ्या दिल्या. मग सहज मामाला फोन केला.

“मामा, किती पाणी दिसतंय हो गावात!”

मामा हसला. “अगं, ते वरून दिसतंय. खालचं बघ की. आडात दोरी संपली, पाणी लागंना. टँकर सुरू झालाय आठ दिवस.”

फोटो खरा, टँकरही खरा. मग चुकतंय काय? हे शोधायला बसले आणि सॅटेलाइट पाणी कसं बघतात, काय बघू शकत नाहीत, आणि त्या निळ्या चौकोनात नेमकं कुठलं पाणी आहे, इथवर जाऊन पोचले. तेच आज सांगते. कारण हा प्रश्न फक्त माझ्या आजोळचा नाही. दुष्काळी भागातल्या कुठल्याही गावाचा नकाशा उघडा, तुम्हालाही हे चौकोन दिसण्याची शक्यता भरपूर आहे.

सॅटेलाइटला पाणी दिसतं कसं?

आपल्या फोनच्या कॅमेऱ्याला लाल, हिरवा आणि निळा एवढेच रंग कळतात. सॅटेलाइटवरच्या कॅमेऱ्याला त्यापलीकडचा, डोळ्याला न दिसणारा इन्फ्रारेड प्रकाशही कळतो. पाणी हा प्रकाश जवळपास सगळा गिळून टाकतं. झाडं आणि कोरडी माती मात्र तो परत फेकतात. त्यामुळे इन्फ्रारेड फोटोत पाणी काळंकुट्ट दिसतं आणि बाकी सगळं उजळ. हिरवा प्रकाश किती परत आला आणि इन्फ्रारेड किती, याची तुलना केली की कॉम्प्युटर प्रत्येक पिक्सेलबद्दल ठरवतो, की इथे पाणी आहे की नाही.

युरोपच्या सेंटिनेल-२ या सॅटेलाइटच्या जोडीचे फोटो फुकट मिळतात. दर पाच दिवसांनी ती त्याच जागेवरून जाते आणि एक पिक्सेल १० मीटर बाय १० मीटरचा असतो. म्हणजे ३० बाय ३० मीटरचं शेततळं या फोटोत नऊ पिक्सेलचं दिसतं. अमेरिकेच्या लँडसॅटचे फोटो १९७२ पासूनचे आहेत, पण त्याचा नेहमीचा पिक्सेल ३० मीटरचा. त्यात तेच शेततळं जेमतेम एका पिक्सेलचं.

पावसाळ्यात मात्र या कॅमेऱ्यांचं काही चालत नाही, कारण वर ढग. तिथे रडारवाले सॅटेलाइट लागतात. ते स्वतःच रेडिओ लहरी खाली सोडतात आणि परत येणारा भाग मोजतात. शांत पाण्यावर आदळलेली लहर आरशासारखी पलीकडे निघून जाते, सॅटेलाइटकडे परत येतच नाही. म्हणून रडारच्या फोटोतही पाणी काळं दिसतं.

एवढी हुशार यंत्रं असूनही एक गोष्ट लक्षात ठेवा. यातलं प्रत्येक यंत्र सांगतं, की “इथे पाणी आहे.” ते पाणी आलं कुठून, हे यातलं एकही सांगत नाही. माझ्या मावसभावाची गफलत इथेच झाली होती.

निळ्या चौकोनातलं पाणी कुणाचं?

शेततळ्याची मूळ कल्पना अगदी साधी आहे. पावसाचं जे पाणी शेतावरून ओढ्याला वाहून जातं, ते एका खड्ड्यात अडवायचं आणि पावसानं दडी मारली की पिकाला एक-दोन पाणी द्यायचं. फेब्रुवारी २०१६ मध्ये राज्य सरकारनं ‘मागेल त्याला शेततळे’ ही योजना आणली ती याच विचारानं. जास्तीत जास्त ३० बाय ३० मीटर, ३ मीटर खोल, आणि सुरुवातीला ५० हजार रुपयांपर्यंत अनुदान.

प्रत्यक्षात खूप ठिकाणी वेगळंच झालं. शेततळ्याच्या चारही बाजूंना उंच बांध घातले गेले. आत जाड प्लास्टिकचा कागद अंथरला गेला. आता बांध चारही बाजूंनी उंच, म्हणजे शेतावरून वाहणारं पाणी आत येणार कुठून? ते येत नाहीच. तळं भरलं जातं विहिरीतून किंवा बोअरमधून, मोटर लावून. पावसाळ्यात आणि पावसाळा संपता संपता, जेव्हा जमिनीखाली पाणी भरपूर असतं, तेव्हा ते उपसून वर आणायचं आणि प्लास्टिकच्या टाकीत साठवायचं. मग उन्हाळ्यात बागेला द्यायचं.

थोडक्यात, ते तळं नाही, टाकी आहे. तीही उघडी.

प्लास्टिकमुळे त्यातला थेंबही जमिनीत मुरत नाही. तळ्याच्या मालकासाठी तोच तर फायदा. पण गावाच्या दृष्टीनं बघितलं तर जमिनीखालचं सगळ्यांचं पाणी एकाच्या टाकीत गेलं आणि परत खाली जायची वाटही बंद झाली. अभ्यासकांनी अनेक वर्षांपासून याकडे बोट दाखवलंय. तरी नकाशात आणि कागदावर ते ‘जलसाठा वाढला’ असंच दिसतं.

सगळी शेततळी अशी नसतात, हेही सांगते. ज्यात पाणी यायला वाट ठेवलेली आहे आणि खाली प्लास्टिक नाही, ती खरंच पावसाचं पाणी अडवतात आणि थोडं मुरवतातही. वरून दोन्ही निळीच दिसतात, ही खरी अडचण आहे.

आपल्या पायाखालचा खडक

इथे कुणी विचारेल, एका शेततळ्यानं असा काय फरक पडतो? त्यासाठी खडक समजून घ्यावा लागेल.

महाराष्ट्राचा ८० टक्क्यांहून जास्त भाग काळ्या बेसॉल्ट खडकाचा आहे. कोट्यवधी वर्षांपूर्वीच्या लाव्हाचे थर. या खडकात पाणी राहतं ते फटींमध्ये आणि वरच्या झिजलेल्या मुरमाच्या थरात. गंगेच्या मैदानात जशी खोलवर वाळू आणि गाळ आहे, तसं आपल्याकडे नाही. वाळूच्या १०० लिटर आकारमानातून १०-१५ लिटर पाणी उपसता येतं. बेसॉल्टच्या १०० लिटरमधून मिळतं एक ते तीन लिटर.

आता हिशेब करा. ३० बाय ३० बाय ३ मीटरचं शेततळं, बाजू उतरत्या असल्यामुळे, साधारण १,९७० घनमीटर पाणी धरतं. म्हणजे जवळपास २० लाख लिटर. खडकात दोन टक्के पाणी धरलं, तर एवढं पाणी काढायला जवळपास एक लाख घनमीटर खडक रिकामा करावा लागतो. सोप्या भाषेत, एक शेततळं एकदा भरलं की १० हेक्टर म्हणजे २५ एकर जमिनीखालची पाण्याची पातळी एक मीटरनं खाली जाईल एवढं पाणी वर आलं. गावात अशी ५० तळी असतील तर ५०० हेक्टरखाली एक मीटर. एखाद्या गावाचं सगळं शिवार जवळपास तेवढंच असतं.

प्रत्यक्षात पातळी अशी सगळीकडे सारखी उतरत नाही. फटी जिकडे जोडलेल्या तिकडे जास्त, बाकी ठिकाणी कमी. म्हणून तर एकाची विहीर भरलेली आणि शेजारच्याची कोरडी, असं होतं. आणि ज्याची विहीर आटते तो काय करतो? बोअर घेतो. आधी २०० फूट, मग ४००, मग ६००. आपल्या राज्याच्या भूजल कायद्यात ६० मीटरपेक्षा, म्हणजे साधारण २०० फुटांपेक्षा जास्त खोल विहिरीला ‘खोल विहीर’ म्हटलंय, आणि शेतीसाठी किंवा उद्योगासाठी ती घ्यायला मनाई आहे. बोअरची गाडी गावात आल्यावर हा आकडा किती जणांना आठवतो, हे तुम्हीच सांगा.

उन्हाचा वाटा

वर आणलेलं पाणी उघड्यावर ठेवलं की त्यात आणखी एक वाटेकरी येतो. ऊन.

मराठवाड्यातल्या एप्रिल-मे महिन्यात उघड्या पाण्याची पातळी वाफ होऊन रोज ८ मिलिमीटरनं उतरते असं धरू. कडक उन्हात हा आकडा याहून जास्तही जातो. ३० बाय ३० मीटर म्हणजे ९०० चौरस मीटरचा पृष्ठभाग. गुणाकार केला की येतात रोजचे ७,२०० लिटर. पाणी खाली गेलं की पृष्ठभाग लहान होतो आणि आकडा थोडा कमी होतो, ते सोडून देऊ.

जलजीवन मिशनमध्ये गावातल्या माणसाला दिवसाला ५५ लिटर पाणी मिळावं, असं प्रमाण ठरवलंय. म्हणजे भरलेल्या एका शेततळ्यातून रोज जेवढं पाणी हवेत जातं, तेवढ्यात १३० माणसांचा दिवस भागतो. हेच पाणी खडकाच्या फटीत राहिलं असतं तर त्याला ऊन लागलं नसतं. जमिनीखालची जागा ही आपली सगळ्यात स्वस्त आणि झाकण असलेली टाकी आहे. आपण पैसे खर्चून ती रिकामी करतोय आणि वर उघडी टाकी भरतोय.

जगाच्या नकाशावरही हीच गंमत

असं फक्त आपल्याकडे घडतंय असं नाही. २०१६ साली युरोपीय संशोधकांनी लँडसॅटचे ३० लाखांवर फोटो गूगलच्या कॉम्प्युटरवर तपासून १९८४ ते २०१५ या काळातला जगातल्या पृष्ठभागावरच्या पाण्याचा नकाशा तयार केला. त्यात दिसलं, की सुमारे ९० हजार चौरस किलोमीटरवरचं बारमाही पाणी गायब झालं. आणि त्याच काळात दुसरीकडे सुमारे १ लाख ८४ हजार चौरस किलोमीटरवर नवं बारमाही पाणी दिसायला लागलं.

फक्त बेरीज-वजाबाकी केली तर वाटेल, जग पाणीदार झालं. पण नव्या पाण्याचा मोठा भाग हा धरणांच्या जलाशयांचा आहे. नदीतून वाहणारं पाणी एका जागी अडवलं की ते पसरतं आणि वरून जास्त दिसतं. तर नाहीशा झालेल्या पाण्यातला ७० टक्क्यांहून जास्त वाटा मध्यपूर्व आणि मध्य आशियातला आहे. त्यातलं सगळ्यात प्रसिद्ध उदाहरण म्हणजे अरल समुद्र. सोव्हिएत काळात कापसासाठी त्याच्या दोन्ही नद्या कालव्यांत वळवल्या आणि एके काळी जगातलं चौथ्या क्रमांकाचं असलेलं सरोवर वाळवंट झालं. गूगल अर्थच्या टाइमलॅप्समध्ये ते आटताना बघता येतं. अंगावर काटा येतो.

अरलमध्ये निदान नुकसान डोळ्यांना दिसतं. आपल्याकडे उलटं आहे. आटतंय ते जमिनीखाली, आणि वर दिसतात नवे निळे ठिपके.

मग जमिनीखालचं पाणी आकाशातून दिसतच नाही का?

दिसत नाही, पण त्याचं वजन करता येतं. हा प्रकार मला सगळ्यात भारी वाटतो.

मार्च २००२ मध्ये नासा आणि जर्मनीनं ‘ग्रेस’ नावाची सॅटेलाइटची जोडी सोडली. एकामागे एक, मध्ये साधारण २२० किलोमीटर अंतर. खाली जिथे वस्तुमान जास्त, तिथे गुरुत्वाकर्षण किंचित जास्त. पुढचा सॅटेलाइट अशा जागेजवळ आला की तो थोडा पुढे ओढला जातो आणि दोघांमधलं अंतर वाढतं. मग मागचा तिथे पोचतो आणि अंतर पुन्हा बदलतं. हे अंतर मायक्रॉनमध्ये मोजलं जातं, म्हणजे केसाच्या जाडीपेक्षाही कितीतरी बारीक. महिन्यामागून महिने मोजत राहिलं की कुठल्या प्रदेशाचं वजन कमी होतंय ते कळतं. आणि डोंगर काही महिन्या-महिन्याला हलत नाहीत. बदलतं ते पाणी.

२००९ मध्ये याच जोडीच्या आकड्यांवरून नासाच्या शास्त्रज्ञांनी दाखवलं, की राजस्थान, पंजाब, हरियाणा आणि दिल्लीच्या पट्ट्यात २००२ ते २००८ या काळात १०९ घन किलोमीटर भूजल कमी झालं. तिथे शेतात गहू-भात हिरवागार होता. वरून बघितलं तर सगळं छानच दिसलं असतं. पहिली जोडी २०१७ मध्ये थांबली आणि मे २०१८ पासून तिची वारसदार जोडी काम करतेय.

याहून थक्क करणारी गोष्ट २०२३ मध्ये आली. १९९३ ते २०१० या काळात माणसानं जगभरात सुमारे २,१५० अब्ज टन भूजल उपसलं असा अंदाज आहे. ते शेवटी समुद्रात गेलं, वजनाची जागा बदलली, आणि त्यामुळे पृथ्वीच्या फिरण्याचा ध्रुव सुमारे ८० सेंटिमीटर पूर्वेकडे सरकला, असं दक्षिण कोरियातल्या शास्त्रज्ञांच्या नेतृत्वाखालच्या अभ्यासात दिसलं. हे सरकणं ज्या उपशामुळे सगळ्यात जास्त झालं, त्या दोन प्रदेशांमध्ये एक पश्चिम उत्तर अमेरिका आणि दुसरा वायव्य भारत. आपल्या मोटरींनी पृथ्वीचा आस हलवला, असं म्हटलं तर ते अक्षरशः खरं आहे.

पण ग्रेसची एक मर्यादा आहे. त्याला दिसणारा ‘पिक्सेल’ काहीशे किलोमीटरचा असतो. अख्ख्या महाराष्ट्रात असे दोन-चार पिक्सेल. जालना तालुका त्याला वेगळा दिसूच शकत नाही. आणि एक मजेशीर गोष्ट बघा. बोअरमधलं पाणी शेजारच्याच शेततळ्यात टाकलं तर त्या जागेचं वजन बदलतं का? नाही. पाणी वर आलं, पण आहे तिथेच. जगातली सगळ्यात नाजूक तराजू इथे काहीच सांगत नाही.

आणि निसार?

३० जुलै २०२५ ला श्रीहरिकोट्याहून इस्रो आणि नासाचा ‘निसार’ उडाला, तेव्हा बातम्यांमध्ये ऐकलं असेल, की तो भूजलावरही नजर ठेवणार. खरं आहे. १२ मीटरची प्रचंड अँटेना आणि दोन प्रकारचे रडार घेऊन तो दर १२ दिवसांनी त्याच कक्षेत परततो. ढग असोत, रात्र असो, जमीन काही सेंटिमीटर वर-खाली झाली तरी त्याला कळतं. भूजल उपसलं की गाळाची जमीन दबते आणि खचते. दिल्लीच्या आसपास, उत्तरेच्या मैदानात ही माहिती खूप मोलाची ठरेल.

पण आपला बेसॉल्ट कडक आहे. फटीतलं पाणी गेलं तरी खडक सहसा दबत नाही. म्हणजे निसार मातीतला ओलावा सांगेल, पिकं सांगेल, पूर कुठवर आला ते सांगेल. माझ्या आजोळच्या आडात पाणी किती उरलंय, ते मात्र जमीन खचण्यावरून त्याला कळणार नाही. ‘आता सॅटेलाइट आला, प्रश्न मिटला’ असं कुणी म्हटलं तर हे आठवा.

कॅमेऱ्याला पृष्ठभाग दिसतो. तराजूला देश दिसतो. रडारला जमिनीची हालचाल दिसते. आणि गावाचा प्रश्न नेमका या तिघांच्या मधल्या फटीत बसलाय.

मग दोष शेतकऱ्याचा?

हे सगळं मामाला सांगितलं तेव्हा तो जरा चिडला. “तुला सोपं आहे बोलायला. २०१२-१३ ला मोसंबीच्या बागा जळाल्या, बघितलंस का तू? दहा-बारा वर्षं वाढवलेली झाडं लोकांनी तोडून सरपणाला दिली. ज्याच्याकडे तळं होतं त्याचीच बाग राहिली.”

त्याचं बरोबर आहे. शेततळं बांधणारा माणूस पाणी चोरत नाहीये. तो स्वतःला वाचवतोय. पाऊस बेभरवशाचा, पिकाला भाव नाही, त्यातल्या त्यात फळबाग चार पैसे देते. पण झाडाला उन्हाळ्यातही पाणी लागतं. एकदा बाग लावली की ‘यंदा पाणी नाही, पेरत नाही’ हा पर्याय संपतो. म्हणून तळं, म्हणून बोअर, म्हणून आणखी खोल बोअर. प्रत्येकाचा निर्णय आपापल्या जागी शहाणपणाचा आणि सगळ्यांची बेरीज मात्र टँकर.

आणि पाणी फक्त शेततळीच पितात असंही नाही. राज्यातल्या पिकांखालच्या जमिनीपैकी चार टक्क्यांहून कमी जमिनीवर असलेला ऊस सिंचनाचं जवळपास ७० टक्के पाणी घेतो, असं केंद्राच्या कृषिमूल्य आयोगानंच लिहून ठेवलंय. एप्रिल २०१६ मध्ये लातूरला मिरजेहून रेल्वेनं पाणी आणावं लागलं, ते आठवतं ना? तोही उसाचाच भाग आहे. त्यापुढे मामाच्या गावातली तळी काहीच नाहीत.

मात्र मामाच्या बोलण्यात एक गोष्ट राहून गेली होती. ज्यांच्याकडे बाग नाही, तळं नाही, स्वतःची विहीरही नाही, त्यांनी काय करायचं? टँकरच्या रांगेत उभ्या असतात त्या बहुतेक त्यांच्या घरातल्या बाया आणि पोरी. जमिनीखालचं पाणी उपसायची स्पर्धा लागली की ज्याच्याकडे मोटर आणि पैसा तो जिंकतो. नकाशातल्या निळ्या चौकोनाला मालक असतो, आटलेल्या आडाला नसतो.

फोनवर तुम्ही काय बघू शकता

आता तुमचा फोन काढा. पुढचं सगळं फुकट आहे.

पहिलं, मॅप ॲपच्या सॅटेलाइट व्ह्यूमध्ये आपल्या गावाचं शिवार बघा आणि निळे चौकोन मोजा. हे फोटो वेगवेगळ्या तारखांचे जोडलेले असतात, त्यामुळे ‘आत्ता एवढं पाणी आहे’ असं समजू नका. फक्त तळी मोजायची.

दुसरं, झूम करून बांध बघा. चारही बाजूंना सारखा उंच बांध आणि पाणी आत यायला कुठेच चर किंवा वाट नाही, असं असेल तर ते तळं बहुतेक मोटरीनं भरतं.

तिसरं, ब्राउझरमध्ये ‘कोपर्निकस ब्राउझर’ उघडा. त्यात सेंटिनेल-२ चे फोटो तारीखवार मिळतात. ऑक्टोबर, जानेवारी आणि एप्रिल, असे तीन महिन्यांतले ढग नसलेले दिवस निवडा. पाऊस संपल्यावर, नोव्हेंबर-डिसेंबरात एखादं तळं रिकाम्याचं भरलेलं दिसलं, तर ते पाणी आकाशातून नक्कीच आलं नाही. सेंटिनेल-२ चे फोटो २०१५ पासूनचे आहेत, म्हणजे शेततळ्यांच्या योजनेच्या आधीचं आणि नंतरचं गाव, दोन्ही शेजारी ठेवून बघता येतं.

चौथं, आणि हे सगळ्यात महत्त्वाचं, विहिरीत बघा. राज्याच्या भूजल सर्वेक्षण आणि विकास यंत्रणेच्या हजारो निरीक्षण विहिरी आहेत आणि त्यांची पातळी वर्षातून ठरावीक महिन्यांत मोजली जाते. पण गावागणिक खडक बदलतो, त्यामुळे शेजारच्या गावातल्या विहिरीचा आकडा तुमच्या गावाला लागू पडेलच असं नाही. दोरीला दगड बांधा, दर महिन्याच्या एक तारखेला आपल्या विहिरीत सोडा, पाण्यापर्यंतची दोरी मोजा, आकडा फोनमधल्या शीटमध्ये टाका. गावातल्या दहा पोरांनी दहा विहिरी घेतल्या तर वर्षभरात जी माहिती जमेल, ती कोट्यवधी डॉलरच्या सॅटेलाइटकडेही नाही.

या आकड्यांचं करायचं काय? तर ताळेबंद. यंदा पाऊस किती पडला, खाली मुरला किती, प्यायला किती लागणार, उरलेल्यात कुठलं पीक घेता येईल. अहिल्यानगर जिल्ह्यातलं हिवरे बाजार हे काम वर्षानुवर्षं ग्रामसभेत करतंय. तिथे शेतीसाठी बोअर घ्यायला गावानंच बंदी घातली. केंद्राच्या अटल भूजल योजनेत तर डिसेंबर २०१९ पासून महाराष्ट्रासह सात राज्यांतल्या निवडक गावांनी असा ताळेबंद मांडणं अपेक्षितच होतं. तुमचं गाव त्यात असेल तर ग्रामपंचायतीत जाऊन विचारा, आमचा ताळेबंद दाखवा म्हणून. विचारायला काही पैसे पडत नाहीत.

हिवरे बाजारनं जे केलं ते तंत्रज्ञानानं केलं नाही. ‘खालचं पाणी सगळ्यांचं’ हे आधी मान्य केलं आणि मग मोजायला सुरुवात केली. क्रम महत्त्वाचा आहे. नुसतं मोजून पाणी वाढत नाही. पण मोजलंच नाही तर ‘गाव पाणीदार झालं’ म्हणणारा फोटो आणि टँकर, दोन्ही एकाच दिवशी खरे असतात आणि त्यावर कुणी बोलतही नाही.

त्या फॅमिली ग्रुपवर मी नंतर आणखी एक फोटो टाकला. मामानं पाठवलेला, आडात मोबाइलचा टॉर्च मारून काढलेला. तळाशी थोडा चिखल आणि एक अडकलेली बादली. त्यावर टाळ्या आल्या नाहीत. दोन दिवसांनी मावसभावानं मेसेज केला, “ती शीट कशी बनवायची ते सांग.”

यंदाच्या जूनपासून आमच्याकडे चार विहिरींचे आकडे येतायत. तुमच्याकडच्या किती येतील?